गच्चीवरचे ऊन आणि शाळेची घंटा



बडोद्यात हल्ली कोणत्याही उंच इमारतीच्या गच्चीवर उभे राहिले, की आजूबाजूच्या घरांवर निळ्या-काळ्या काचेच्या पाट्या चमकताना दिसतात. बंगल्यांवर, सोसायट्यांवर, कारखान्यांच्या पत्र्यांवर सगळीकडे त्या आहेत. खाली रस्त्यावर पाहिले तर हिरव्या नंबरप्लेटच्या स्कूटर आवाज न करता निघून जातात. वर सूर्याची वीज, खाली विजेची गाडी. साहजिकच आपल्याला वाटते, की ही गाडी त्याच उन्हावर धावते.

पण जरा विचार करा. बहुतेक घरांत स्कूटर चार्जिंगला लावतात ती रात्री जेवणे आटोपल्यावर. त्या वेळी गच्चीवरच्या पाट्या अंधारात असतात. मग स्कूटरमध्ये भरली जाते ती वीज कुठली? ती तारेतून आलेली, बहुतांशी कोळशावर तयार झालेली.

या लेखात एवढीच एक गोष्ट समजून घ्यायची आहे. सूर्याची वीज किती मिळते याइतकेच ती कधी मिळते आणि आपण ती कधी वापरतो याला महत्त्व आहे. आणि सूर्याच्या वेळापत्रकाशी ज्या थोड्या इमारतींचे वेळापत्रक जुळते, त्यांत शाळेचा नंबर फार वरचा आहे. शाळेची घंटा आणि सूर्य हे दोघे जवळजवळ एकाच वेळी कामाला लागतात आणि एकाच वेळी सुट्टी घेतात.

उन्हाची वीज कशी होते?

प्रकाश पडल्यावर काही पदार्थांत वीज निर्माण होते, हे फ्रान्सच्या एडमंड बेकरेल यांनी १८३९ साली पाहिले होते. पण उपयोगी पडेल असा सिलिकॉनचा सौर घट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने १९५४ साली जगापुढे ठेवला. त्या घटावर पडलेल्या उन्हापैकी जेमतेम ६ टक्के शक्तीची वीज होत असे. आज बाजारात मिळणाऱ्या चांगल्या पॅनेलमध्ये हे प्रमाण २१ टक्क्यांच्या आसपास आहे.

सिलिकॉन वाळूपासून मिळतो. त्याच्या पातळ चकतीचे दोन थर असतात. एका थरात मोकळे इलेक्ट्रॉन थोडे जास्त आणि दुसऱ्यात थोडे कमी राहतील, अशी योजना केलेली असते. उन्हाचे कण आपटले की इलेक्ट्रॉन जागचे सुटतात आणि दोन थरांच्या सीमेवरच्या विद्युत क्षेत्रामुळे एकाच दिशेला ढकलले जातात. हीच वीज. यात काही फिरत नाही, जळत नाही आणि आवाजही होत नाही.

एका घटातून मिळणारा दाब फक्त अर्ध्या व्होल्टच्या आसपास असतो. म्हणून अनेक घट एकापुढे एक जोडून पॅनेल बनवतात आणि अनेक पॅनेलची मिळून एक माळ करतात. दिवाळीतली जुनी दिव्यांची माळ आठवा. एक दिवा गेला की सगळी माळ विझायची. इथेही तोच धोका असतो. एका पॅनेलच्या कोपऱ्यावर पाण्याच्या टाकीची सावली पडली, तर त्या माळेची वीज सावलीच्या मानाने बरीच जास्त घटते. नुकसान कमी व्हावे म्हणून पॅनेलमध्ये वीज वळवून नेणारे डायोड बसवलेले असतात, तरी सावली टाळणे हाच खरा उपाय.

पॅनेलमधून येणारी वीज बॅटरीसारखी एकाच दिशेने वाहणारी असते. आपले पंखे, दिवे आणि पंप चालतात ते उलटसुलट वाहणाऱ्या विजेवर. हा बदल करणारे यंत्र म्हणजे इन्व्हर्टर. गच्चीवरच्या साऱ्या व्यवस्थेत सर्वांत आधी बिघडण्याची शक्यता याचीच असते. पॅनेल पंचवीस वर्षे टिकतात, इन्व्हर्टर मात्र साधारण दहा वर्षांनी बदलावा लागेल असे धरून चालावे.

किलोवॅट आणि युनिट

या दोन शब्दांची गल्लत मोठी माणसेही करतात. किलोवॅट म्हणजे काम करण्याचा वेग. युनिट म्हणजे झालेले काम. नळाची धार किती मोठी आहे ते किलोवॅट सांगतो, बादली किती भरली ते युनिट सांगते. एक किलोवॅटचे उपकरण एक तास चालले, की एक युनिट खर्च होते.

आपल्या भागात एक किलोवॅटचे पॅनेल वर्षभराच्या सरासरीने रोज साधारण ४ युनिट वीज देतात. त्यासाठी सावली नसलेली अंदाजे १० चौरस मीटर, म्हणजे शंभर चौरस फुटांहून थोडी अधिक जागा लागते. पॅनेलनी व्यापलेली जागा याच्या निम्मीच असते. बाकीची जागा दोन रांगांत सावली पडू नये आणि धुण्यासाठी माणसाला चालता यावे म्हणून सोडावी लागते.

हे दोन आकडे पाठ करून ठेवा: एक किलोवॅटला रोज ४ युनिट आणि १० चौरस मीटर. पुढची सगळी गणिते यांवरच आहेत.

बडोद्याचा सूर्य

बडोदे साधारण २२.३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. कर्कवृत्त आपल्या थोडे उत्तरेला, अहमदाबादच्याही पलीकडून जाते. त्यामुळे वर्षातून दोनदा, जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास, दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. डिसेंबरच्या अखेरीस मात्र दुपारीही सूर्य दक्षिणेकडे फक्त ४४ अंश उंचीवर असतो. त्या दिवशी एक मीटर उंच कठड्याची सावली भर दुपारी एक मीटर लांब पडते, आणि सकाळ-संध्याकाळी याच्या कितीतरी पट. म्हणून पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, साधारण अक्षांशाइतके तिरके बसवतात. जागा पाहायची ती जूनच्या सावलीवरून पाहू नये, डिसेंबरच्या सावलीवरून पाहावी.

मे महिन्यात ऊन सर्वांत कडक, म्हणून प्रत्येक तासाला वीजही सर्वांत जास्त, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. पॅनेलचे तापमान २५ अंशांच्या वर गेले, की प्रत्येक अंशामागे वीज साधारण ०.३५ ते ०.४ टक्क्याने घटते. मे महिन्यात पॅनेलची काच सहज ६० अंशांपर्यंत तापते, म्हणजे १२ ते १४ टक्के वीज उष्णतेनेच जाते. पॅनेलच्या खालून वारा खेळता ठेवतात तो यासाठीच. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे उत्पादन बरेच खाली येते. रोजचे ४ युनिट ही वर्षाची सरासरी आहे, रोजचे वचन नव्हे.

आधी बचत, मग पॅनेल

समजा, एका शाळेत वीस वर्ग आहेत. प्रत्येक वर्गात चार पंखे आणि चार ट्यूबलाइट. जुना पंखा ७५ वॅट खातो, जुनी ट्यूब तिच्या चोकसह ५० वॅट. दोन पाळ्या मिळून रोज आठ तास सगळे चालू राहिले असे धरू.

पंखे : ८० × ७५ वॅट = ६ किलोवॅट; आठ तासांत ४८ युनिट.
ट्यूब : ८० × ५० वॅट = ४ किलोवॅट; आठ तासांत ३२ युनिट.
एकूण रोज ८० युनिट.

एवढी वीज गच्चीवर तयार करायची, तर २० किलोवॅटचे पॅनेल आणि २०० चौरस मीटर मोकळी जागा हवी.

आता पॅनेल घेण्याआधी पंखे आणि दिवे बदलून पाहू. बीएलडीसी मोटरचा नवा पंखा तेवढाच वारा साधारण ३० वॅटमध्ये देतो. तेवढ्याच उजेडाची एलईडी ट्यूब २० वॅटची असते.

पंखे : ८० × ३० वॅट, आठ तासांत १९.२ युनिट.
ट्यूब : ८० × २० वॅट, आठ तासांत १२.८ युनिट.
एकूण रोज ३२ युनिट.

म्हणजे ८ किलोवॅटमध्ये काम भागले. बारा किलोवॅटचे पॅनेल घ्यावेच लागले नाहीत. केंद्र सरकारने २०२४ साली घरगुती अनुदान ठरवताना किलोवॅटमागे खर्चाचा आधार ५० हजार रुपयांच्या आसपास धरला होता. त्या हिशेबाने बारा किलोवॅटचे सहा लाख रुपये वाचले. ऐंशी पंख्यांना प्रत्येकी तीन हजार रुपये धरले तरी दोन लाख चाळीस हजार होतात, आणि एलईडी ट्यूबचा खर्च त्या मानाने किरकोळ आहे. शिवाय ही बचत पावसाळ्यातही चालू राहते.

घरी आजी म्हणते ना, गळक्या माठात कितीही पाणी ओता, तो भरायचा नाही. आधी माठ बुजवावा, मग आडावर जावे.

वेळेचा मेळ

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. गच्चीवरच्या विजेपैकी मोठा भाग सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळात तयार होतो. घरात त्या वेळी काय चालू असते? फ्रीज आणि एखादा पंखा. आई-वडील कामावर, मुले शाळेत. घराला वीज हवी असते ती सकाळी पंपासाठी आणि संध्याकाळनंतर दिवे, टीव्ही, एसी, गीझर यांसाठी.

मग घरावरच्या पॅनेलची दुपारची वीज कुठे जाते? ती तारेतून बाहेर, शेजारच्या घरांकडे आणि दुकानांकडे जाते. मीटर त्याची नोंद ठेवतो. रात्री आपण तारेतून वीज घेतो, तिचीही नोंद होते, आणि महिन्याच्या बिलात दोन्हींची वजाबाकी होते. यालाच नेट मीटरिंग म्हणतात. यात बिल कमी होते, हे खरे आहे. पण बिलाची वजाबाकी झाली म्हणून रात्रीची वीज उन्हाची होत नाही. ती रात्री कुणीतरी कुठेतरी तयार केलेलीच असते.

शाळेचे तसे नाही. पंखे, दिवे, संगणक कक्ष, पाण्याचा पंप, कार्यालय हे सारे दिवसाच चालते. शाळेच्या गच्चीवर झालेली वीज जिना उतरून वर्गात येते आणि तिथेच संपते. तारांत वाटेत होणारी गळती नाही, रोहित्रावर भार नाही. दोन पाळ्यांच्या शाळेत हा मेळ सर्वांत चांगला बसतो. फक्त सकाळची शाळा असेल, तर साडेबारानंतरची जवळजवळ अर्धी वीज बाहेर जाते, हे हिशेबात धरावे लागते.

शाळेची एक अडचणही आहे. वर्षात सुमारे २४० दिवस शाळा भरते. उरलेले सव्वाशे दिवस, त्यात उन्हाळ्याच्या सुट्टीतले भरपूर उन्हाचे दिवसही आले, पॅनेल काम करतात आणि वर्ग रिकामे असतात. बाहेर गेलेल्या त्या विजेचे काय मोल मिळते, यावर सगळा हिशेब ठरतो. घरगुती ग्राहक आणि संस्था यांचे नियम सारखे नसतात आणि ते वेळोवेळी बदलतात. म्हणून निर्णयाच्या वेळी लागू असलेला नियम एमजीव्हीसीएलच्या कार्यालयातून लेखी घ्यावा आणि त्यावरच आकडेमोड करावी.

वेळेचे हे महत्त्व सरकारनेही ओळखले आहे. केंद्राने २०२३ साली ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून, सौर तासांतली वीज नेहमीच्या दरापेक्षा १० ते २० टक्के स्वस्त आणि सर्वाधिक मागणीच्या तासांतली तेवढीच महाग असावी, असे तत्त्व घातले. म्हणजे विजेला आता घड्याळ लागले आहे.

विजेवरची वाहने : शाळेच्या आवारातली संधी

विजेची स्कूटर एका किलोमीटरला साधारण ३० वॅट-तास वीज घेते. शंभर किलोमीटरला ३ युनिट, आणि चार्जिंगमधली तूट धरली तर साडेतीन. पेट्रोलची स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर देते असे धरले, तर शंभर किलोमीटरला सव्वादोन लिटर लागतात. एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट उष्णता असते. म्हणजे तेच अंतर जायला एकीकडे साडेतीन युनिट, दुसरीकडे सुमारे २० युनिट. पेट्रोलच्या इंजिनात बहुतेक शक्ती उष्णता होऊन वाया जाते, एवढाच याचा अर्थ.

धुराचे गणितही करून पाहू. सव्वादोन लिटर पेट्रोल जाळले की सुमारे पाच किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आपल्या देशातल्या सरासरी विजेमागे युनिटला सुमारे ०.७ किलो धरतात. साडेतीन युनिटला अडीच किलो. म्हणजे रात्री, तारेतल्या विजेवर चार्ज केलेली स्कूटरसुद्धा निम्माच धूर करते, फक्त तो औष्णिक केंद्राच्या धुराड्यातून निघतो. तीच स्कूटर दुपारी पॅनेलखाली चार्ज केली, तर चालवण्यापुरता तो जवळजवळ शून्यावर येतो.

आता शाळेच्या आवारात दिवसभर काय उभे असते ते पाहा. शिक्षकांच्या स्कूटर, कर्मचाऱ्यांच्या गाड्या आणि दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात झाडाखाली थांबलेल्या काकांच्या रिक्षा. गाडी उभी असण्याची वेळ आणि उन्हाची वेळ एकच.

पंधरा शिक्षक रोज पंधरा-पंधरा किलोमीटर स्कूटर चालवतात असे समजा. चार्जिंगची तूट धरून सगळ्यांची मिळून वीज होते सुमारे ८ युनिट. म्हणजे फक्त दोन किलोवॅटचे पॅनेल. विजेची तीनचाकी रिक्षा किलोमीटरला साधारण ६० वॅट-तास घेते असे धरले, तर रोजच्या साठ किलोमीटरसाठी तिला तूट धरून ४ युनिट लागतात. हे सोपे गणित लक्षात ठेवा: एक रिक्षा, एक किलोवॅट. बस मात्र मोठी खाऊ आहे. मोठ्या विजेच्या बसला किलोमीटरला एक युनिट किंवा त्याहून अधिक लागते. रोज चाळीस किलोमीटर फिरणाऱ्या एका बससाठी दहा-बारा किलोवॅट, म्हणजे वर पाहिलेल्या वीस वर्गांच्या दिवे-पंख्यांहूनही अधिक. म्हणून सुरुवात स्कूटर आणि रिक्षांपासून करावी हे शहाणपणाचे.

वाहनतळावर पत्र्याऐवजी पॅनेलचेच छप्पर घालता येते. गाड्यांना सावली, गच्चीवर गर्दी नाही आणि तारही आखूड. मात्र सुरक्षिततेत तडजोड नको. चार्जिंगसाठी स्वतंत्र वायर, चांगले अर्थिंग, वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच आणि जाड पिनांचा सॉकेट हवा. एक्स्टेंशन बोर्ड मुळीच नको. आणि ही जागा मुलांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर नसावी.

लाइट गेली तर?

गच्चीवर पॅनेल आहेत, बाहेर लख्ख ऊन आहे आणि तारेतली लाइट गेली. वर्गातले पंखे चालतील का? बहुतेकांना वाटते, चालतील. नेहमीच्या पद्धतीत ते चालत नाहीत. इन्व्हर्टर बाहेरची वीज गेल्याचे ओळखतो आणि स्वतःही बंद होतो. तसा नियमच आहे. कारण त्या वेळी खांबावर चढलेला लाइनमन तार मृत आहे असे समजून हात लावत असतो. प्रत्येक घराने वीज बाहेर सोडत ठेवली, तर त्याचा जीव जाईल.

लाइट गेल्यावरही काही गोष्टी चालाव्यात असे वाटत असेल, तर बॅटरी आणि तिच्यासह काम करणारा, बाहेरच्या तारेपासून स्वतःला अलग करणारा इन्व्हर्टर लागतो. सगळ्या शाळेसाठी बॅटरी ठेवणे महाग पडते. कार्यालय, संगणक कक्ष आणि जिन्यातले दिवे एवढ्यापुरती ती ठेवली तर परवडते.

आपल्या आसपास

हा विषय पाहायला दूर जायला नको. बडोद्याजवळ नर्मदेच्या कालव्यावर १० मेगावॅटचे पॅनेल छपरासारखे बसवले आहेत. जानेवारी २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाचे तेव्हाचे सरचिटणीस बान की-मून यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. कालव्याच्या पाण्याची वाफ कमी होते, जमीन लागत नाही आणि पाण्यामुळे पॅनेलही थोडे थंड राहतात.

दुसरे उदाहरण मेहसाणा जिल्ह्यातल्या मोढेऱ्याचे. सोलंकी राजा भीमदेव याच्या काळात, अकराव्या शतकात, तिथे सूर्यमंदिर उभे राहिले. ऑक्टोबर २०२२ मध्ये तेच गाव देशातले चोवीस तास सौर विजेवर चालणारे पहिले गाव म्हणून जाहीर झाले. शेजारच्या सुज्जनपुऱ्यात ६ मेगावॅटचे केंद्र आहे आणि गावातल्या तेराशेहून अधिक घरांवर एकेक किलोवॅटचे पॅनेल आहेत. पण 'चोवीस तास' हे शब्द शक्य झाले ते तिथे बसवलेल्या १५ मेगावॅट-तासांच्या मोठ्या बॅटरीमुळे. सूर्यदेवाच्या गावातही रात्रीची सोय वेगळी करावी लागली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

पालकांसाठी

घरांसाठी 'पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजना' फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तिची ठरवलेली मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे. तिच्यात पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार रुपये आणि तिसऱ्याला १८ हजार, असे जास्तीत जास्त ७८ हजार रुपये अनुदान ठेवले आहे. सोसायट्यांच्या सामायिक सोयींसाठी किलोवॅटमागे १८ हजार रुपये आहेत, आणि या सामायिक सोयींत वाहनांचे चार्जिंगही धरले आहे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या पालकांनी सोसायटीच्या सभेत ही गोष्ट जरूर मांडावी. स्कूटर घरीच चार्ज करत असाल आणि ती दुपारी घरी असेल, तर प्लग रात्री अकराऐवजी सकाळी अकराला लावा. यासाठी एक पैसाही खर्च येत नाही.

विश्वस्तांसाठी

वरील अनुदान शाळांना नाही. शाळेने खर्च स्वतः उचलावा, देणगीतून करावा किंवा एखाद्या कंपनीला गच्ची देऊन तिच्याकडून ठरल्या दराने युनिट विकत घ्यावे, असे मार्ग आहेत. तिसऱ्या मार्गात सुरुवातीला पैसे लागत नाहीत, पण करार पंधरा-वीस-पंचवीस वर्षांचा असतो. दर दरवर्षी वाढणार का, गच्चीची दुरुस्ती निघाली तर पॅनेल कोण हलवणार, सुट्टीतल्या विजेचे पैसे कुणी द्यायचे, हे सगळे सहीआधी स्पष्ट व्हायला हवे.

कोणत्याही मार्गाने जायचे ठरले तरी आधी तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, गच्ची. तिच्या गळतीचे काम राहिले असेल, तर ते आधी उरकावे. पॅनेल बसल्यावर त्यांच्याखालची फरशी पंचवीस वर्षे झाकली जाणार. आपल्या अनेक जुन्या शाळांच्या इमारती कौलारू आहेत. तिथे इमारत अभियंत्याचा अभिप्राय घेतल्याशिवाय काही चढवू नये. वजनापेक्षा मोठी काळजी वाऱ्याची असते, कारण वादळात तिरके पॅनेल शिडासारखे उचलले जातात.

दुसरी, धुणावळ. धुळीचा थर बसला की वीज घटते. पहाटे, पॅनेल थंड असताना साध्या पाण्याने आणि मऊ पोचाऱ्याने ते पुसावेत. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. बोअरचे खारट पाणी वापरले तर काचेवर पांढरे डाग धरतात. हे काम कोण करणार, दर किती दिवसांनी, आणि त्याचे पैसे अंदाजपत्रकात कुठे आहेत? ज्या ठिकाणी या प्रश्नाचे उत्तर नसते, तिथे उद्घाटनाचा फोटो राहतो आणि वीज हळूहळू कमी होत जाते.

तिसरी, उत्तरायण. आपल्या बडोद्यात चौदा जानेवारीला गच्ची रिकामी राहणे अशक्य! पतंगाच्या नादात पॅनेलवर पाय पडला, तर काच वरून शाबूत दिसूनही आतला घट तडकतो. ये-जा करायची वाट आखून, पॅनेलभोवती कठडा घालावा आणि सणाच्या दिवसांत गच्चीला कुलूप लावावे. पतंग मैदानात उडवू.

विद्यार्थ्यांसाठी : करून पाहा

१. एका वर्गातले पंखे आणि दिवे मोजा. त्यांच्यावर लिहिलेले वॅट टिपून घ्या आणि एका दिवसाचे युनिट काढा.

२. घरचा मीटर सलग सात दिवस सकाळी सात, दुपारी तीन आणि रात्री दहा वाजता वाचा. कोणत्या वेळात जास्त वीज लागते, त्याचा आलेख काढा. तुमचे घर सूर्याच्या वेळेला किती जुळते ते लगेच कळेल.

३. २२ डिसेंबरला मैदानात एक मीटरची काठी उभी रोवा. बडोद्यात सूर्य सर्वांत उंच येतो तो साडेबारा वाजून गेल्यावर, कारण आपले घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचे आणि बडोदे ७३ अंशांच्या थोडे पुढे. त्या वेळची सावली मोजा. एक मीटर भरते का पाहा. गच्चीला कठडा असेल, तर त्याच्यापासून किती अंतर सोडावे लागेल, ते सावलीच सांगेल.

शिक्षकांच्या मदतीने ही तीन कामे प्रत्येक वर्गाने केली, तर शाळेच्या विजेचा खरा हिशेब मुलांच्याच हातून तयार होईल. पुढे विश्वस्त मंडळासमोर हा विषय येईल, तेव्हा विक्रेत्याच्या माहितीपत्रकाबरोबर मुलांची ही वहीही टेबलावर असावी. माहितीपत्रकात पॅनेल किती वीज करतात ते लिहिलेले असते. आपल्या शाळेला ती किती वाजता लागते, ते फक्त त्या वहीत सापडेल.